फार्ममधली पोरं हेरायची कशी? मायनर लीग बेसबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळातली ओळखीची माणसं, भाचे-पुतणे, पुण्या-मुंबईचे मित्र, सगळ्यांकडून उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या मायनर लीग बेसबॉलबद्दल, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या पायऱ्यांबद्दल, तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतो. मी न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो. ब्रिजवॉटरचं सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान मला जवळ पडतं, त्यामुळे बहुतेक उदाहरणं न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीग संघाच्या फार्ममधली आहेत. इतर संघांचे चाहते नाक मुरडतील, पण रोज डोळ्यांसमोर असतं तेच माणूस सांगणार.

१. फार्म सिस्टिम म्हणजे काय? आपल्या रणजीसारखंच ना?

नाही, आणि हा फरक आधी समजला नाही तर पुढचं सगळं चुकतं. रणजीतला मुंबईचा संघ मुंबईसाठी खेळतो, त्याला स्वतःची करंडकाची भूक असते. फार्ममधला संघ मात्र वरच्या संघासाठी खेळाडू पिकवतो. मेजर लीगचे ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ, म्हणजे एकूण १२०. यांकीजची शिडी खालून वर अशी: सिंगल-एला टॅम्पा टारपन्स, हाय-एला हडसन व्हॅली रेनेगेड्स, डबल-एला सॉमरसेट पेट्रियट्स, ट्रिपल-एला स्क्रँटन/विल्क्स-बॅरी रेलरायडर्स. त्याच्याही खाली फ्लोरिडातला नवशिक्यांचा संघ आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग.

खेळाडूचा करार वरच्या संघाशी असतो. आज सॉमरसेटसाठी दोन होम रन (आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) मारणारा पोरगा उद्या सकाळी बॅग भरून स्क्रँटनला गेलेला असतो, इकडे संघ फायनलला का पोचलेला असेना. ही पद्धत १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी रुजवली. तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी कच्चे गोळा करून घरीच तयार करायला सुरुवात केली. पुढे याच रिकींनी जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं, आणि रॉबिन्सनही १९४६ चा हंगाम डॉजर्सच्या माँट्रियलमधल्या फार्म संघात काढूनच १९४७ मध्ये वर आला.

२. ही पोरं येतात कुठून?

दोन दरवाजे आहेत. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोतली मुलं जुलैतल्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात त्यातून, येतात. ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला. एके काळी ४० फेऱ्या असायच्या, २०२१ पासून २० आहेत. बाकीच्या देशांतल्या मुलांशी साधारण सोळाव्या वर्षी थेट करार होतो आणि त्याचं नवं वर्ष १५ जानेवारीला उघडतं.

सोळा वर्षांच्या मुलाची पारख करणं म्हणजे कैरी हातात घेऊन आंब्याची गोडी सांगण्यासारखं आहे. यांकीजनी २०१९ मध्ये जेसन डोमिंगेझला ५१ लाख डॉलर देऊन घेतलं. उलट व्हेनेझुएलाच्या होसे अल्तुवेला ह्यूस्टनच्या निवड चाचणीतून उंची कमी म्हणून आधी परत पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, १५ हजार डॉलरवर सही केली आणि २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला.

३. स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, ‘हा साठचा, तो पंचेचाळीसचा’ म्हणतात, ते काय गुण असतात?

ते २० ते ८० चं माप आहे. आपल्याकडे १०० पैकी ५० म्हणजे घरी बोलणी, पण इथे ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, म्हणजे जगातल्या मोजक्या शेकड्यांतला एक. ६० झाले की डोळ्यांत भरतो, ७० विरळा, आणि ८० लिहिताना स्काउटचा हात थरथरतो.

बॅटरचे पाच गुण मोजतात: चेंडूला बॅट लावण्याची हातोटी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण, फेक. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, प्रत्येक चेंडू वेगळा मोजतात (वेगवान फास्टबॉल, वळणारा स्लायडर, फसवा संथ चेंजअप वगैरे) आणि शिवाय चेंडू हव्या त्या जागी टाकण्यावर किती ताबा आहे ते. प्रत्येक गुणापुढे दोन आकडे असतात, आजचा आणि उद्याचा. १९ वर्षांच्या मुलापुढे ‘३०/५५’ लिहिलं असेल तर आज तो कच्चा आहे, पण पिकला तर सरासरीपेक्षा बरा निघेल. स्काउटला पगार मिळतो तो त्या तिरप्या रेघेच्या उजवीकडच्या आकड्यासाठी. डावीकडचा तुम्ही-आम्हीही सांगू शकतो.

४. मैदानात जाऊन नुसतं बघितलं तर मला काय कळणार? कुठे बसू?

पुष्कळ कळतं. पिचर बघायचा तर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसा. उजव्या हाताचा बॅटर बघायचा तर पहिल्या बेसच्या (धावताना गाठायच्या पहिल्या थांब्याच्या) बाजूला, म्हणजे त्याची छाती आणि हात समोरून दिसतात. डावखुऱ्यासाठी तिसऱ्या बेसच्या बाजूला. डबल-एला चांगली जागा परवडते, हे या छंदाचं सुख.

फोनमधलं स्टॉपवॉच काढा. बॅटला चेंडू लागल्यापासून पाय पहिल्या बेसवर पडेपर्यंत वेळ घ्या. उजव्या हाताच्या बॅटरला सुमारे ४.३ सेकंद आणि डावखुऱ्याला ४.२ म्हणजे सरासरी. डावखुरा मुळात एक पाऊल जवळ उभा असतो. ४ सेकंदांच्या आसपास आला तर शेजाऱ्याला कोपर मारा. कॅचरचं, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं, मोजायचं असेल तर चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंत. २ सेकंद ठीक, १.९ उत्तम.

पण घड्याळापेक्षा एक गोष्ट जास्त सांगून जाते: पोरगा बाद कसा होतो. पहिल्याच चेंडूवर बाहेरच्या स्लायडरला बॅट फेकून बाद झालेला आणि आठ चेंडू झुंजून, वाईट चेंडू सोडून, शेवटी सणसणीत फटका थेट फील्डरच्या हातात मारलेला, धावफलकावर दोघे सारखेच दिसतात. मी वहीत हिट (बेसवर पोचवणारे यशस्वी फटके) लिहीत नाही, आउट कसे झाले तेच लिहितो. बायको म्हणते हा अपशकुनी छंद आहे.

आणखी एक सोय: मायनर लीगचे सामने बहुधा मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सलग सहा असतात, सोमवारी सुट्टी. मंगळवारी चेंडू टाकलेला पिचर पुष्कळदा रविवारी पुन्हा येतो. त्याच बॅटरांना पाच दिवसांनी तो काही वेगळं टाकतो का, हे बघायला रविवारची दुपार मस्त जाते.

५. अमुक पोराची सरासरी .३३० आहे (दर हजार संधींत ३३० हिट). म्हणजे तो नक्की स्टार होणार ना?

आधी दोन गोष्टी विचारा: वय काय आणि मैदान कुठलं?

डबल-एमध्ये साधारण २३-२४ वर्षांची पोरं खेळतात. तिथे २६ वर्षांचा .३३० मारत असेल तर तो दहावीला तिसऱ्यांदा बसून पहिला आलेला आहे. १९ वर्षांचा .२५० मारत असेल तर तिकडे जास्त लक्ष द्या. डोमिंगेझ २०२२ च्या सप्टेंबरात सॉमरसेटला आला तेव्हा १९ चाच होता, आणि सॉमरसेटने ईस्टर्न लीग जिंकली त्या शेवटच्या सामन्यात त्याने दोन होम रन मारले. मला त्या दोन होम रनपेक्षा वयाच्या रकान्यातला १९ महत्त्वाचा वाटला होता.

मैदानाचंही तसंच. ट्रिपल-एमधल्या पॅसिफिक कोस्ट लीगची काही मैदानं उंचावर आहेत. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे बॅटरचे आकडे फुगतात आणि पिचरची उगाच बदनामी होते. मुंबईकरांना समजावायची गरज नाही: कांगा लीगच्या भिजलेल्या खेळपट्टीवरच्या ३० धावा आणि पाटा विकेटवरच्या ८० धावा एकाच तराजूत कोण टाकतं?

६. मग कुठले आकडे बघू?

मी बॅटरचे दोन बघतो: किती टक्के वेळा स्ट्राइकआउट होतो (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि किती टक्के वेळा वॉक मिळवतो (चार वाईट चेंडू सोडून फुकट पहिला बेस). खालच्या पातळीवरच स्ट्राइकआउट ३० टक्क्यांच्या वर असतील तर मला धास्ती वाटते, कारण वर गेल्यावर पिचर अधिक निर्दय होत जातात. पिचरचे तेच दोन उलटे. ट्रिपल-एची मोजमापं आता सगळ्यांना नेटवर बघता येतात, त्यात चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो ते बघा. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटर, आणि त्यावर असेल तर त्याला कडक फटका म्हणतात. पिचरची जिंकलेल्या-हरलेल्या सामन्यांची संख्या मात्र सरळ सोडून द्या. वाईट आकड्यांच्या अपवादांसाठी पुढचा प्रश्न पाहा.

७. इतके वाईट आकडे असून काही जण वर कसे गेले? वशिला?

वशिला नाही. १९९३ मध्ये यांकीजच्या ग्रीन्सबरोमधल्या फार्म संघात एका शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) एकाच हंगामात ५६ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, केले. वर्तमानपत्रात नुसता आकडा वाचला असता तर मीही म्हणालो असतो, याला आउटफील्डला पाठवा. तो डेरेक जीटर. पुढे ३,४६५ हिट आणि हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गजांच्या सन्मानदालनात जागा. त्याच्याजवळच्या माणसांना दिसत होतं की पाय योग्य जागी पोचतात, हात मऊ आहेत, बिघडतंय ते फेकताना. फेक सुधारता येते. पायच पोचत नसते तर गोष्ट वेगळी होती.

दुसरं उदाहरण यांकीजचाच ॲरन जज. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ३२वा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वर आला तेव्हा ८४ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या पाळ्यांमध्ये) ४२ स्ट्राइकआउट, म्हणजे निम्मे! हिवाळ्यात त्याने स्विंगवर काम केलं आणि २०१७ मध्ये ५२ होम रन मारले, नवख्या खेळाडूचा तेव्हाचा विक्रम. गंमत म्हणजे त्या वर्षीही त्याचे २०८ स्ट्राइकआउट होतेच. रोग पूर्ण बरा झाला नव्हता, पथ्य तेवढं सापडलं होतं.

या दोघांवरून ‘वाईट आकड्यांचा प्रत्येक जण जज होतो’ असं काढू नका. ५६ एरर करून घरी गेलेल्यांची नावं कुणाला पाठ नसतात.

८. पिचर की बॅटर, कुणावर जास्त भरवसा ठेवावा?

बॅटरवर. पिचरचं कोपर आणि खांदा कधी दगा देतील सांगता येत नाही. यांकीजनी १९९१ मध्ये ड्राफ्टमधली अगदी पहिली निवड ब्रायन टेलर या डावखुऱ्या पिचरसाठी वापरली, साडेपंधरा लाख डॉलर मोजले. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. कोपराच्या स्नायुबंधाची शस्त्रक्रिया, जिला सगळे टॉमी जॉन म्हणतात, १९७४ पासून होते आहे. तिच्यानंतर परतायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. बॅटरही सुटत नाहीत: डोमिंगेझने २०२३ च्या १ सप्टेंबरला पहिल्याच ॲट-बॅटला दिग्गज पिचर जस्टिन व्हरलँडरला होम रन मारला आणि त्याच महिन्यात त्याचं कोपर गेलं.

९. सर्वांत होतकरू पोरांच्या ‘टॉप १००’ याद्यांवर विसंबून राहू का?

ओळख करून घ्यायला चांगल्या, पैज लावायला वाईट. हेसूस माँटेरोचं नाव काही वर्षं वरच्या दहांत असायचं. यांकीजनी २०१२ च्या जानेवारीत त्याला सिॲटलला दिलं तेव्हा लोक हळहळले. तो तिथे कधी फुललाच नाही. उलट बेन राइस हा २०२१ च्या बाराव्या फेरीतला, डार्टमथ कॉलेजचा. २०२४ च्या जुलैत त्याने बोस्टनविरुद्ध एका सामन्यात तीन होम रन ठोकले. यांकीजचे दोन दिग्गज, अँडी पेटिट आणि होर्हे पोसाडा, १९९० च्या ड्राफ्टमध्ये बाविसाव्या आणि चोविसाव्या फेरीतले. आजच्या २० फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्ये दोघांचं नावही आलं नसतं.

१०. चांगला पोरगा वाढवायचा आणि दुसऱ्या संघाला देऊन टाकायचा, हा काय न्याय?

फार्म ही तिजोरीसुद्धा असते. २०२३ च्या डिसेंबरात यांकीजनी हुआन सोतोसाठी सॅन डिएगोला पाच जण दिले. त्यात सॉमरसेटच्या त्या विजेत्या संघातला रँडी व्हास्केझ होता, आणि त्याच वर्षी साऱ्या मायनर लीगमध्ये सर्वाधिक, १८२ स्ट्राइकआउट घेणारा ड्रू थॉर्पही. थॉर्प सॅन डिएगोत तीन महिने टिकला, मार्चमध्ये त्यांनी त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवलं. सोतोने यांकीजना २०२४ च्या वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम लढतीपर्यंत, नेलं आणि मग शहरातच पलीकडे मेट्सकडे गेला. सौदा फायद्याचा की तोट्याचा? ब्रिजवॉटरच्या पार्किंगमध्ये यावर अजून भांडणं होतात.

उलटंही घडतं. २०१६ च्या जुलैत यांकीजनी पिचर ॲरोल्डिस चॅपमन शिकागो कब्सना देऊन ग्लेबर टोरेस मिळवला. कब्सनी १९०८ नंतरचं पहिलं विजेतेपद जिंकलं, आणि हंगाम संपल्यावर चॅपमन करारातून मोकळा होऊन यांकीजकडेच परत आला.

११. रूल ५ ड्राफ्ट काय भानगड आहे? आमचा पोरगा फुकटात गेला म्हणे!

अगदी फुकटात नाही, एक लाख डॉलरला. संघाने एखाद्याला वर्षानुवर्षं खाली दाबून ठेवू नये म्हणून हा नियम आहे. १८ किंवा कमी वयात करार झालेल्याला पाच हंगामांनी आणि त्याहून मोठ्याला चार हंगामांनी मेजर लीग संघाच्या ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं. न घेतल्यास डिसेंबरात दुसरा संघ त्याला उचलू शकतो. मात्र उचलणाऱ्याने त्याला पुढचा संपूर्ण हंगाम मेजर लीगच्या संघात ठेवायचं, नाहीतर ५० हजारांना परत देऊ करायचं.

गॅरेट व्हिटलॉक यांकीजच्या डबल-एमध्ये होता, २०१९ मध्ये टॉमी जॉन झाली, २०२० साली खालचा हंगाम कोविडने खाल्ला. यांकीजनी त्याला यादीत घेतलं नाही. उचललं कुणी, तर बोस्टनने. २०२१ मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंग्जच्या एका सामन्यामागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी, १.९६ होता. म्हणून नोव्हेंबरात तुमच्या आवडत्या संघाने यादीत कुणाला घेतलं ते जरूर बघा. स्तुती कुणीही करेल, यादीतली जागा मात्र खर्ची घालावी लागते.

१२. पोरगा तयार दिसतोय, तरी एप्रिलमध्ये वर का नेत नाहीत?

हिशोबासाठी. मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे एक वर्ष सेवा, आणि सहा वर्षं झाली की खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळा. कब्सनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर काही दिवसांनी आणलं. वर्षअखेर त्याचे १७१ दिवस भरले. एक दिवस कमी, म्हणजे मोकळं व्हायला आणखी एक वर्ष! त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. २०२२ च्या करारापासून मात्र नामांकित नवख्याला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या संघाला, तो चमकला तर, ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळू शकते. यांकीजनी न्यू जर्सीच्याच अँथनी व्होल्पीला २०२३ मध्ये पहिल्या दिवसापासून शॉर्टस्टॉपला उभं केलं.

१३. ‘टॉप १००’ यादीत होता, आता नाही. हाकलला का?

बहुधा बढती मिळाली. मेजर लीगमध्ये १३० ॲट-बॅट, किंवा ५० इनिंग्ज, किंवा संघात ४५ दिवस, यातलं एक ओलांडलं की तो नवखा राहत नाही आणि यादीतून निघतो.

१४. आम्ही गेलो त्या दिवशी मोठा स्टार खेळत होता. त्याला खाली ढकललं का?

नाही, दुखापतीनंतर हात मोकळा करायला येतात. बॅटरला २० दिवस आणि पिचरला ३० दिवसांपर्यंत मुभा असते. २०२४ च्या जूनमध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोल असाच सॉमरसेटला आला होता. अशा दिवशी तिकीट मिळणं कठीण, पण प्रॉस्पेक्ट, म्हणजे होतकरू पोरं, बघायला याहून चांगला दिवस नाही: खरा मेजर लीगचा चेंडू समोर आल्यावर आपल्या पोराचे गुडघे वाकतात का ते दिसतं.

१५. या मुलांना पगार किती मिळतो?

२०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानुसार वर्षाला किमान सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, डबल-ए ३०,२५० आणि ट्रिपल-ए ३५,८०० डॉलर. अमेरिकेत हे फार नाही, पण त्याआधी याहून कितीतरी कमी होतं. २०२२ पासून राहण्याची सोय संघ करतो.

१६. आपलं कुणी आहे का यात?

मराठी नाव अजून माझ्या वहीत आलेलं नाही. भारतीय मात्र आहेत. २००८ मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. हा रिंकू क्रिकेटवाला नव्हे. हा पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान झाला. टेक्सास रेंजर्सच्या कुमार रॉकरची आई भारतीय वंशाची. मेट्सनी २०२१ मध्ये त्याला निवडलं, पण वैद्यकीय तपासणीवरून करार केला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. आणि २०२३ मध्ये टोरंटोने पहिल्या फेरीत घेतलेला शॉर्टस्टॉप अर्जुन निम्माला, आईवडील भारतातून आलेले. त्याचं वय आणि पातळी बघताना प्रश्न ५ विसरू नका, आपला म्हणून दहा गुण वाढवायचे नाहीत.

१७. तुम्ही स्वतः कधी सपशेल चुकलात का?

वही भरली आहे. ताजं सांगतो. पिचर कॅम श्लिटलर, सहा फूट सहा इंच, २०२२ च्या सातव्या फेरीतला. २०२५ च्या वसंतात तो ब्रिजवॉटरलाच होता. मी गेलो त्या दिवशी थंडी होती, मुलाला दुसऱ्या दिवशी शाळा होती, तिसऱ्या इनिंगनंतर आम्ही निघालो. वहीत लिहिलं: ‘उंच. वेग चांगला. बाकी बघू.’ जुलैत तो वर गेला. २ ऑक्टोबरला बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, तेही स्वतः बोस्टनजवळ वाढलेला असताना, त्याने आठ इनिंग्जमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले, एकही वॉक नाही, एकही धाव नाही. मुलगा सोफ्यावरून म्हणाला, “बाबा, याच्याच मॅचमधून आपण उठून आलो होतो ना?”